दुर्बळ देहाची विशेषणे

इंग्रजी कथा-कादंबऱ्यांचे मराठीकरण करणाऱ्यासमोर रोगी, वृद्ध आणि उपाशी माणसे वारंवार येऊन उभी राहतात, आणि त्यांच्या देहाची अवस्था सांगण्यासाठी मूळ लेखकाने पारखून घेतलेल्या विशेषणांना आपण सरसकट 'अशक्त' हा एकच शब्द लावून मोकळे झालो, तर कथानक शाबूत राहते खरे, परंतु त्या देहाची कैफियत मात्र दप्तरातून गहाळ होते. अनेक वर्षे हे काम केल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की 'वीक', 'फीबल', 'फ्रेल', 'इन्फर्म', 'डिक्रेपिट' या शब्दांना अंगात बळ किती उरले याच्या मोजमापात फारसे स्वारस्य नाही. ते बळ कोणत्या वाटेने गेले आणि पाहणारा त्या देहाकडे कोणत्या नजरेने पाहतो, याची साक्ष ते देतात.

त्यांपैकी 'वीक' हा सर्वांत व्यापक, म्हणूनच सर्वांत मोघम. उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या भाषेतून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी मऊपणाचा, वाकण्याचा अर्थ आहे. तो चहाला चालतो, युक्तिवादाला चालतो, तापातून उठलेल्या मुलालाही चालतो, आणि त्याला 'अशक्त' किंवा 'कमजोर' म्हटल्याने काही बिघडत नाही. 'फीबल'चे तसे नाही. लॅटिनमधील रडणे या धातूपासून फ्रेंचमार्गे आलेला हा शब्द मुळात 'ज्याच्यासाठी रडावे असा', म्हणजे कीव करण्याजोगा. आणि तो माणसाइतकाच त्याच्या कृतीलाही लागतो. हाक, दारावरची थाप, उठून बसण्याची धडपड 'फीबल' असते, कारण प्रयत्न झालेला असतो आणि तो अपुरा पडलेला असतो. आवाजाला आणि नाडीला मी 'क्षीण' म्हणतो, धडपडीला 'केविलवाणी'. तिथे 'अशक्त' लिहिले की प्रयत्न दिसेनासा होतो.

सर्वांत अधिक विचार करावा लागतो तो 'फ्रेल'पाशी. मोडणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द आणि 'फ्रॅजाइल' असे दोन्ही निघाले. पहिला फ्रेंच लोकांच्या तोंडी झिजून आला, दुसरा विद्वानांनी लॅटिनमधून जसाच्या तसा उचलला. 'फ्रेल' म्हटलेली वृद्धा आज आपली कामे आपण करीत असेल, बाजारहाट करून येत असेल. पातळ काचेचे भांडे रोजच्या वापरात असावे तशी ती हिंडत-फिरत असते, आणि तरीही एखाद्या हिवतापाने किंवा उंबऱ्याला ठेच लागल्याने तिचे सारेच कोसळेल, हे तो शब्द आधीच सांगून ठेवतो. तो वर्तमानापेक्षा भविष्याविषयी बोलतो. वैद्यकशास्त्रानेही त्याला याच अर्थाने पारिभाषिक दर्जा दिला: लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या निकषांत नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, हाताच्या पकडीतील कमी झालेला जोर, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल अशी पाच लक्षणे दिली असून, त्यांपैकी तीन आढळली की वृद्ध व्यक्ती 'फ्रेल' ठरते. बळाचा अभाव हे त्या पाचांतील केवळ एक लक्षण आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अशा वृद्धेला 'गलितगात्र' किंवा 'खंगलेली' म्हणणे म्हणजे जे अद्याप घडलेले नाही ते घडवून टाकणे होय. आपल्याकडे 'तोळामासा प्रकृती' हा जो घरगुती प्रयोग आहे, त्यात ही नाजूक तोलाची जाणीव नेमकी आहे, आणि प्रसंगाची भाषा फार गंभीर नसेल तर मी तोच बेधडक योजतो.

या शब्दांच्या वाट्याला आलेली एक दुर्दशा मात्र मला अस्वस्थ करते. 'इम्बेसिल' हा आज मूर्खाला हिणवण्याचा शब्द. परंतु मूळ लॅटिनप्रमाणे आरंभी इंग्रजीतही तो दुबळ्या शरीराला लागत असे, आणि जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात तो शरीर व मन या दोहोंच्या दौर्बल्यासाठी नोंदला आहे. पुढे त्यातील शरीर गळून पडले. ब्रिटनमधील १९१३ च्या मनोदौर्बल्यविषयक कायद्याने 'इम्बेसिल' आणि 'फीबल-माइंडेड' या माणसांच्या रीतसर वर्गवाऱ्या केल्या, आणि ज्या शब्दाच्या उगमाशी अश्रू होते तो माणसांना संस्थांत डांबून ठेवण्याच्या हुकुमांवर जाऊन बसला. म्हणून जुन्या इंग्रजी पुस्तकात एखादा म्हातारा स्वतःच्या 'इम्बेसिलिटी'ची तक्रार करताना दिसला, की पुस्तकाचे साल पाहिल्याशिवाय लेखणी उचलू नये. तो बहुधा आपल्या गुडघ्यांविषयी बोलत असतो.

'डिक्रेपिट' हा बाहेरून दिसणाऱ्या मोडकळीचा शब्द, घराला आणि माणसाला सारखाच लागणारा; त्याला 'जीर्ण' किंवा 'खिळखिळा' पुरतो. 'इन्फर्म'मध्ये स्थैर्य ढळल्याचा भाव आहे, आणि हे स्थैर्य बहुधा वयाने हिरावलेले असते. शेक्सपिअरच्या लिअर राजाने तिसऱ्या अंकातील वादळात स्वतःचे वर्णन करताना 'इन्फर्म' आणि 'वीक' ही दोन्ही विशेषणे लगोलग उच्चारली आहेत. अनुवादकाने तेथे 'अशक्त, दुर्बळ' अशी जोडी लावली तर एकाच अर्थाची द्विरुक्ती होते. आणि पहिल्यासाठी 'गलितगात्र' घेतले तर पाचव्या अंकात पंचाईत होते, कारण आपली मुलगी कॉर्डेलिया हिला फाशी देणाऱ्याला ठार करून हाच ऐंशी वर्षांचा म्हातारा तिचे कलेवर हातांवर तोलून रंगमंचावर येतो. त्याच्या बाहूंतले बळ संपलेले नाही. वयाने तोल गेला आहे आणि राज्य देऊन टाकल्यामुळे सत्ता गेली आहे. म्हणून मी पहिल्याला 'जराजर्जर' म्हणेन आणि दुसऱ्याला 'हतबल'.