निर्धूम विस्तव

धूर दिसला कीं विस्तवाचें अनुमान करावें, असें आपल्या नैयायिकांनीं शिकविलें आहे. परंतु धूर दिसत नाहीं म्हणून भयहि नाहीं, असें त्यांनीं कोठेंहि शिकविलेलें नाहीं. तें अनुमान आपण आपल्याच सोयीनें करतों, आणि हिवाळ्याच्या रात्रीं तें कधीं कधीं जिवावर बेततें.

चंद्रपूर जिल्ह्याची ख्याति उन्हाची. तेथेंहि पौषांत हुडहुडी भरते, हें बाहेरच्यांना सांगून पटत नाहीं. भद्रावती तालुक्यांतील माजरी येथें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या बिऱ्हाडीं मीं ती थंडी अनुभविली आहे. गांवाच्या पोटांत कोळसा. जिल्ह्यांत कोळशावरच चालणारें, १९८३ पासूनचें मोठें औष्णिक विद्युत्केंद्र. तरीहि वीज गेली कीं हीटर कोपऱ्यांत मुका होऊन बसतो आणि घरांतल्या वडील माणसाला अडगळींतील शेगडी आठवते. कोळसा तारेंतून न येतां घमेल्यांतून येतो, एवढेंच!

दगडी कोळशाची शेगडी पेटविणें हा एक विधीच आहे. खालीं गोवरीचे तुकडे, वर ढलप्या, त्यांवर कोळशाचे लहान खडे रचून ती अंगणांत ठेवावयाची. प्रथम पिवळसर, दाट धूर. डोळे चुरचुरतात, शेजारी कुरकुरतात. मग धूर सरतो, निखारे लाल होतात, आणि "गेला धूर!" म्हणत कोणी तरी ती आंत आणतो. खरी मेख येथेंच आहे. धूर हा प्रामाणिक शत्रु. तो वर्दी देऊन येतो. तो गेल्यावर राखेखालीं, अपुऱ्या हवेंत, कोळसा अर्धवट जळत राहतो आणि त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं त्याला घट्ट धरून ठेवतें. डोकें जड होतें, मळमळतें, झोंप येते. आणि उबेंत आलेल्या झोंपेचा संशय कोणाला येणार?

खाणींतील लोक या वायूला ओळखून होते. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी नेण्याची चाल पडली, ती १९८६ पर्यंत टिकली. उलट खाणकामगारांच्या जीवनावर 'जर्मिनाल' (१८८५) लिहिणारा एमिल झोला १९०२ सालीं पॅरिसमध्यें स्वतःच्या शयनगृहांत याच वायूनें गेला. धुराडें तुंबलें होतें. नुसती विद्वत्ता येथें उपयोगीं पडत नाहीं.

विद्यार्थ्याच्या मातोश्री निरक्षर होत्या. या वायूचें नांवहि त्यांच्या कानीं नव्हतें. परंतु शेगडी आंत आली कीं त्या समोरासमोरचीं दार-खिडकी किलकिलीं ठेवीत, आणि निजण्यापूर्वीं शेगडी बाहेर ओसरीवर काढीत. नातवंडें कुडकुडत विचारीत, "आजी, मग ऊब ती काय राहिली?" त्या म्हणत, "जीव राह्यला त ऊब भेटते, बाप्पा!" खोलींत बादलीभर पाणी ठेवलें म्हणजे भागतें, ही समजूत त्यांना मान्य नव्हती, रसायनशास्त्रहि त्यांच्याच बाजूचें आहे, कारण हा वायु पाण्यांत फारसा विरघळतच नाहीं.

वीज नसलेल्या रात्रीं शेगडीभोंवतीं खुशाल गप्पा माराव्या. पण निजतांना तिला बाहेर काढावें आणि अंगावर आणखी एक घोंगडी ओढावी. डोकें दुखूं लागलें तर कारण शोधीत न बसतां सर्वांना घेऊन आधीं मोकळ्या हवेंत यावें. फटींतून येणारी झुळूक अंगाला झोंबते खरी. परंतु आंत निजलेल्या मुलांचा श्वास तिच्याच हातीं असतो.