नशिराबाद : ज्येष्ठांच्या चालीने पाहावे असे गाव

जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे १० किलोमीटरवर नशिराबाद लागते. बहुतेक वाहने येथे न थांबता पुढे निघून जातात. तथापि घरातील ज्येष्ठ व्यक्तीसाठी एका दिवसाची सहल आखताना अशाच गावाचा विचार प्रथम करावा. येथे अंतरे थोडी आहेत, आणि पाहण्यासारखे जे आहे त्याची खूण खानदेशातील वडीलधाऱ्यांच्या मनात पूर्वीपासूनच असते.

वार्धक्यात माणसाचे जग नकळत आक्रसते. प्रथम बाजार सुटतो, मग देऊळ सुटते, आणि अखेरीस ओटाच तेवढा उरतो. पडण्याची भीती रास्तच आहे. परंतु दिवसच्या दिवस बसून राहिल्याने स्नायूंचे बळ, शरीराचा तोल आणि आत्मविश्वास ही तिन्ही उणावतात. जवळची, बेताची सहल हा त्यावरील एक सौम्य उपाय होय.

नशिराबादचे मुख्य आकर्षण म्हणजे झिपरू अण्णा महाराजांचे समाधिस्थान. गणेशपुरीचे स्वामी मुक्तानंद या अवधूतांना फार मानीत. त्यांनी आपल्या लेखनातही त्यांचा आदराने उल्लेख केला आहे. दर्शन झाल्यावर लगेच उठण्याची घाई करू नये. सावलीत थोडा वेळ निवांत बसणे, हाही या भेटीचा एक भागच समजावा.

जळगावच्या परिसरातच आसोदे हे गाव आहे. २४ ऑगस्ट १८८० रोजी बहिणाबाई चौधरी यांचा जन्म येथे झाला. त्यांची गाणी १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. शेत, जाते, विहीर, माहेर हे त्या गाण्यांतील जग आपल्या आजीने प्रत्यक्ष जगलेले असते. प्रकृती साथ देत असेल तर जळगावच्या जैन हिल्सवरील 'गांधी तीर्थ' हे २०१२ साली खुले झालेले संग्रहालयही पाहता येईल. चाकाच्या खुर्चीची सोय आणि भेटीची वेळ यांची चौकशी आधीच दूरध्वनीवरून करावी. मात्र एका दिवसात दोनच ठिकाणे घ्यावीत. तिसऱ्याचा मोह टाळावा.

खानदेशचा उन्हाळा अतिशय कडक असतो. म्हणून मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. उन्हे अंगावर आल्यावर निघावे आणि दुपारच्या भोजनानंतर विश्रांती ठेवावी. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते. यास्तव आठवणीने थोडे थोडे पाणी द्यावे. पाण्याच्या प्रमाणावर वैद्यकीय बंधन असल्यास ते पाळावे. नित्याची औषधे, काठी, पायांत घट्ट बसणारी पादत्राणे आणि मधुमेह असल्यास साखरेच्या गोळ्या जवळ असाव्यात. स्वच्छतागृह कोठे आहे हे पोहोचताच पाहून ठेवावे. ज्येष्ठ अनेकदा संकोचाने सांगत नाहीत आणि त्यासाठीच पाणी पिणे टाळतात.

याच दिवसांत भरताची वांगी बहरात असतात. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजून, लाकडाने कुटलेले भरीत आणि कळण्याची भाकरी हे खानदेशाचे वैभव. भरीत मऊ असल्याने दातांची अडचण असणाऱ्यांनाही ते मानवते. तिखट, मीठ व तेल मात्र बेताने घालावे. शेंगदाणे घालायचे तर बारीक कुटून घालावेत.

सोबत जाणाऱ्यांनी एक पथ्य अवश्य सांभाळावे. वाट दाखवण्याचे काम ज्येष्ठांकडे द्यावे. "आजोबा, पूर्वी इकडे कसे येत असत?" एवढे विचारले तरी पुरते. मग भादली स्थानकावर उतरून केलेली पायपीट, बैलगाडीचा रस्ता, नात्यातील एखादे लग्न असे एकेक निघू लागते. घरी ज्यांना सतत सांभाळून घ्यावे लागते, तेच येथे इतरांना सांभाळून नेऊ लागतात. ही भूमिका त्यांना पुन्हा लाभावी, एवढ्यासाठी तरी नशिराबादला थांबावे.