दहा फुल्या आणि एक इंजिन



सुट्टीत शिक्षकांना काय काम असतं, असं लोक विचारतात. २०२४ च्या मे महिन्यात निवडणुकीचं काम आटोपल्यावर मी आमच्या खुटबावच्या घरासमोर, कडुलिंबाखाली, मोटारीचं इंजिन उतरवलं, उघडलं, दुरुस्त करून घेतलं आणि पुन्हा जागेवर बसवलं. गाडी सुरू झाली, हे आधीच सांगतो. पण हा लेख गाडीचं कौतुक करायला नाही. त्या इंजिनानं माझी वर्गातली एक चूक मला दाखवली. ती सांगायला लिहितोय.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. प्रीमियर पद्मिनी, १९८७ ची. आपल्याच जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावानं ओळखलं जातं, त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून इटलीच्या फियाट ११०० डीच्या नमुन्यावर ही गाडी बनू लागली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत आपण सगळे बसलोय, ती हीच.

वर्गात सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट. हे १०८९ सीसीचं इंजिन फियाटनं १९३७ मध्येच आणलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतल्या सिसिटालिया कंपनीनं याच इंजिनावर छोट्या शर्यतीच्या गाड्या बनवल्या. तिची २०२ ही स्पोर्ट्स कार इतकी देखणी होती की न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं १९५१ च्या मोटारींच्या प्रदर्शनात ती मांडली. त्याच घराण्यातलं इंजिन आमच्या दारात कोंबड्यांना सावली देत उभं होतं!

ते बंद का पडलं? आमच्या बोअरचं पाणी जड. बादलीतल्या हीटरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तो सगळ्यांनी पाहिलाय. आम्ही तेच पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं. तसाच थर इंजिनातल्या पाण्याच्या वाटांमध्ये बसला आणि इंजिन तापू लागलं. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त प्रसरण पावतं. शेवटी हेड वाकलं, मधलं गॅस्केट फुटलं आणि पाणी ऑइलमध्ये उतरलं. डिपस्टिक काढली तर तिला दुधाच्या चहासारखा रंग! अण्णा म्हणाले, "भंगारवाल्याला देऊन टाकू." बोलले खरे, पण त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

केडगावच्या बाजूला एक निवृत्त मिस्त्री आहेत. अण्णांचे जुने दोस्त. मी त्यांना काका म्हणतो. त्यांना आता वाकवत नाही. म्हणाले, "हात तुमचे, तोंड माझं. चालंल का गुरुजी?" मी म्हटलं, चालेल.

तीन लोखंडी पाइपांचं तिकाटणं उभं केलं, विहिरीच्या कामावाल्यांकडून चेनकुप्पी आणली आणि दोन शेजाऱ्यांच्या मदतीनं इंजिन वर उचललं. ते अधांतरी लोंबत असताना कुणीही खाली हात घालायचा नाही, हा काकांचा पहिला नियम. प्रत्येक नट-बोल्ट काढला की डब्यात टाकायचा आणि डब्यावर चिठ्ठी लावायची, हा दुसरा. चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्या मुलानं घेतलं. ब्लॉक आणि हेड पुण्याला नेलं. लेथवाल्यानं मोजून सांगितलं की बोअरिंगची गरज नाही, होनिंग पुरेल. हेडचा वाकलेला पृष्ठभाग त्यानं सपाट करून दिला. रिंगा, बेअरिंग आणि गॅस्केट नाना पेठेत मिळालं.

मोजमाप चाललं होतं तेव्हा मुलानं विचारलं, "पप्पा, १०८९ कुठून आले?" मग ओट्यावरच खडूनं गणित मांडलं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या ३.४ सेंटिमीटर. पिस्टनची धाव ७.५ सेंटिमीटर. ३.१४ गुणिले ३.४ गुणिले ३.४ गुणिले ७.५, आणि सिलिंडर चार. उत्तर १०८८.९५! त्याला त्यातलं निम्मं कळलं असेल, पण ओट्यावरचं गणित तो दोन दिवस पुसू देईना. सातवी-आठवीला शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर घ्यावं.

जोडताना घाई केली नाही. हेडचे नट मधून बाहेरच्या दिशेनं, तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळले. इंजिन गाडीत बसलं. उरल्या स्पार्क प्लगच्या वायरी. त्या दिवशी काका आले नव्हते. फोनवर म्हणाले, "एक नंबरचा पिस्टन वर आणा. रोटरचं तोंड जिकडं आलंय, तिथं एक नंबरची वायर लावा. मग रोटर फिरतो तशी एक, तीन, चार, दोन." मी शब्दाला शब्द तसंच केलं.

अण्णा स्टार्टरला बसले. इंजिन नुसतं घरघरलं आणि कार्बोरेटरमधून फाट्कन आवाज झाला. पुन्हा तेच. मी सगळं तीनदा तपासलं. पेट्रोल येतंय, ठिणगी पडतेय, वायरींचा क्रम बरोबर. अण्णा काही न बोलता उतरून घरात गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही. वाटलं, हे आपलं काम नव्हतंच. उगाच त्यांना आशा लावली.

सकाळी काका आले. मला वाटलं, आता ओरडणार. त्यांनी फक्त विचारलं, "काय काय केलंत, ते क्रमानं सांगा." मी सांगत गेलो, ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "एक नंबरचा प्लग काढा. भोकावर अंगठा दाबून धरा." त्यांनी पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवलं. पिस्टन वर आला, पण अंगठ्याला काहीच जाणवलं नाही. आणखी एक पूर्ण फेरा दिला. या वेळी हवेनं अंगठा ढकलून दिला!

शोषण, दाब, स्फोट, उत्सर्जन असे चार टप्पे आपण सगळे शिकलोय. या चार टप्प्यांत पिस्टन दोनदा वर येतो. एकदा हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबायला, एकदा जळालेला धूर बाहेर ढकलायला. ठिणगी हवी दाबाच्या वेळी. मी पिस्टन वर आणला होता, पण दुसऱ्या वेळचा. त्यामुळे चारही ठिणग्या अगदी शिस्तीत, क्रमानं, पण चुकीच्या वेळी पडत होत्या.

काका म्हणाले, "तुमची चूक न्हाई गुरुजी. मीच अर्धं सांगितलं. वर येतो त्यो दोनदा, हे बोललोच न्हाई."

एक आणि चार नंबरच्या वायरींची अदलाबदल केली, तशीच दोन आणि तीनची. दोन मिनिटांचं काम. अण्णांनी स्टार्टर मारला आणि इंजिन पकडलं. अण्णा बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभे होते.

सगळे खूश होते, पण माझ्या डोक्यात "मीच अर्धं सांगितलं" एवढंच घुमत होतं. मला आठवली तिसरीतली एक मुलगी. मार्चमध्ये हातच्याच्या वजाबाकीची दहा उदाहरणं दिली होती. तिची दहाही चुकली. मी दहा फुल्या मारल्या आणि तिच्या आईला सांगितलं, "लक्ष देत नाही." तेव्हापासून ती वही दाखवायला टेबलाशी येईनाशी झाली होती.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर कपाटातून तिचा पेपर काढला. ५२ वजा २७, उत्तर ३५. ६१ वजा ३४, उत्तर ३३. ८० वजा ४६, उत्तर ४६. नीट बघा. प्रत्येक स्थानावर तिनं मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय, मग तो वर असो की खाली. दहाही उदाहरणांत हेच. म्हणजे दहा चुका नव्हत्याच, एकच होती. आणि लक्ष नसतं तर इतक्या शिस्तीत चुकलं असतं का?

हा नियम तिला कुणी दिला? मीच. पहिलीपासून मी वर्गात म्हणत आलोय, "नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं." पूर्ण संख्येबद्दल बोलतोय, सुट्या अंकांबद्दल नाही, हे कधी बोललोच नाही. तिनं माझं अर्धं वाक्य प्रामाणिकपणे पाळलं होतं.

तिला जवळ बसवलं. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या. म्हटलं, "यातून सत्तावीस मला दे." तिनं दोन गठ्ठे दिले, मग दोन सुट्या काड्या दिल्या आणि थांबली. थोड्या वेळानं तिनं आपणहून एका गठ्ठ्याचं रबर काढलं. उरलेल्या काड्या मोजून म्हणाली, "सर, पंचवीस." मी तिला सांगितलं की आधी मीच अर्धं शिकवलं होतं. तिच्या आईलाही सांगितलं. हे सांगणं इंजिन उचलण्यापेक्षा जड गेलं.

तेव्हापासून सगळी उत्तरं चुकलेली वही आली की मी आधी पेन खाली ठेवतो आणि काकांसारखं विचारतो, "काय काय केलंस, ते क्रमानं सांग." ऐकताना दोन गोष्टी शोधतो. सगळ्या चुका एकाच जातीच्या आहेत का? आणि तसं वागायला माझं कोणतं वाक्य कारणीभूत झालं? दर वेळी काही सापडतंच असं नाही. पण सापडतं तेव्हा दुरुस्ती बहुधा दोन मिनिटांचीच असते.

पालकांनीही घरी हे करून बघावं. आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नये.