तीर्थपुरी ते अमाल्फी, व्हाया टँकर

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठी लिहिताना माझी ऱ्हस्व-दीर्घाची गाडी कुठल्या स्टेशनवर रुळावरून घसरेल, याचा नेम नाही. मराठी विभागाच्या संपादक ताई म्हणाल्या, "तू लिही गं, आम्ही दुरुस्त करू," म्हणून हे धाडस. चुका राहिल्या तर त्या ताईंच्या, आवडलं तर श्रेय माझं!

तर विषय आहे यॉट. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'सी' आणि 'एच' ही दोन अक्षरं तिच्यात फुकट प्रवास करतात. आमच्यातल्या एकीने पहिल्या दिवशी 'याच्ट' असं वाचलं आणि सेमिस्टरभर तिला तेच नाव पडलं.

सहाव्या सेमला आम्हाला प्रोजेक्ट मॅनेजमेंट होतं. सरांनी असाइनमेंट दिली, "जे तुम्ही आयुष्यात कधी केलेलं नाही, त्याचं प्लॅनिंग करून दाखवा. आठ माणसं, सात दिवस. बजेट, नेटवर्क डायग्राम, रिस्क टेबल. मार्क वीस." कुणी लग्न घेतलं, कुणी हिमालयातला ट्रेक. आम्ही चौघी मेसमध्ये बटाट्याच्या रश्श्यात बटाटा शोधत बसलो होतो. पुणेकर म्हणाली, "स्वप्नच बघायचं तर स्वस्तातलं कशाला?" झालं! इटलीचा अमाल्फी किनारा, भाड्याची यॉट आणि आम्ही.

आमच्या गँगमध्ये नावं कमी, गावं जास्त. एक पुणेकर, एक नागपूरकर, एक मालवणी आणि मी 'जालना'. आता दुसरी कबुली. मी जालन्याची नाही. मामांकडे राहून तिथल्या शाळेत शिकले एवढंच. माझं गाव तीर्थपुरी, तालुका घनसावंगी. पण फर्स्ट इयरला मी नुसतं 'जालना' म्हटलं, तर कुणीतरी विचारलं, "टँकरवालं जालना का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि त्या दिवसापासून तीर्थपुरी हा शब्द माझ्या तोंडातच राहिला.

असो. अमाल्फीकडे वळू.

हा किनारा साधारण पन्नास किलोमीटरचा. पोझितानो, अमाल्फी, जवळच काप्री बेट. डोंगराच्या उतारावर रंगीत घरं, खाली निळं पाणी. १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. पण आम्हाला फोटोंपेक्षा जास्त मजा आली ती हिशोबात. यॉट तीन तऱ्हांनी मिळते. नुसती बोट, म्हणजे चालवा तुमची तुम्ही, पण त्याला परवाना लागतो. दुसरी चालकासकट. तिसरी चालक, स्वयंपाकी अशा सगळ्या माणसांसकट. आमच्याकडे परवाना कसला, तर टू-व्हीलरचा. त्यामुळे तिसरा प्रकार!

भाड्याच्या कराराला 'चार्टर पार्टी' म्हणतात. नागपूरकरने त्याच्यापुढे 'डीजे?' असं लिहून ठेवलं होतं. प्रत्यक्षात 'पार्टी' म्हणजे फाडलेला, दोन तुकडे केलेला. पूर्वी करार एकाच कागदावर दोनदा लिहायचे, कागद मधून कापायचे आणि अर्धा-अर्धा दोघांकडे ठेवायचे. भांडण झालंच तर तुकडे जुळवून बघायचे.

आणि पैसे? सरांच्या परवानगीने आठवड्याचं भाडं आम्ही दहा लाख गृहीत धरलं. नुसतं दहा लाखात भागत नाही हे नंतर कळलं. भाड्याच्या साधारण ३० टक्के रक्कम आगाऊ भरावी लागते. तिला एपीए म्हणतात. डिझेल, किराणा, बंदराचं भाडं यातून जातं आणि उरलं तर परत मिळतं. म्हणजे तीन लाख. इटलीचा व्हॅट २२ टक्के, दोन लाख वीस हजार. खलाशांची बक्षिसी १० टक्के धरली, एक लाख. एकूण सोळा लाख वीस हजार, माणशी दोन लाख अडीच हजार. विमानाचं तिकीट वेगळं! आकडा बघून मालवणीने रश्श्याचा दुसरा वाडगा परत केला. म्हणाली, "आतापासून बचत."

कामं वाटली गेली. पुणेकरला मार्ग, नागपूरकरला बजेट, मालवणीला हवामान आणि रिस्क. माझ्या वाट्याला रसद. म्हणजे पीठ, मीठ, पाणी. मला जरा अपमानच वाटला. कॉन्व्हेंटची मुलगी, इटालियन गावांचे उच्चार मला चांगले येतात आणि मी कांदे मोजू? रागारागात तक्ता भरला. पाण्याच्या ओळीत लिहिलं, 'टाकी ६०० लि., फुल. ओके.' आणि होळीच्या सुट्टीला घरी गेले.

दुपारची वेळ. ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते. आज्जी गहू निवडत होती.

"काय लिव्हायलीस गं एवढं?"

"जहाजावरची सहल, आज्जी. कॉलेजचं काम आहे."

"पाणी किती घेतलंस?"

"आज्जी, समुद्रात जायचंय. पाणीच पाणी!"

"ते खारं. प्यायचं किती?"

मी तिला सहाशे लिटर सांगितलं. वाटलं, ऐकून खूश होईल. तिने हात थांबवला आणि विचारलं, "माणसं किती?" आठ आम्ही, दोन खलाशी. दहा. तेवढ्यात पप्पा शेतातून आले. ते बी.कॉम. दुसऱ्या वर्षात सोडून शेती बघायला लागले. मी कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत त्यांचा हिशोब झाला होता. "सहाशेला दहा, साठ. सात दिवस. माणशी रोज साडेआठ लिटर." मग ते खाली बसले, पायातली चप्पल काढली आणि म्हणाले, "टंचाईत टँकरचं सरकारी माप माणशी रोज वीस लिटर होतं. सोळा लाखाची सहल, अन् पाणी टँकरच्या निम्म्यानं पण नाही?"

आज्जी हसली. मला मात्र हसू येईना. कारण टँकर म्हटलं की मला २०१३ चा उन्हाळा आठवतो.

मी आठ वर्षांची होते, सुट्टीत गावी आले होते. आदल्या वर्षी पाऊस पडला नव्हता. जायकवाडीचा डावा कालवा आमच्या तालुक्यातून जातो, पण धरणातच पाणी नसेल तर कालवा काय करणार? आमची मोसंबीची बाग होती, पप्पांनी लग्नाच्या आधी लावलेली. जिल्ह्यातल्या कितीतरी बागा त्या साली वाळल्या, त्यातली ती एक. एका दुपारी मी ड्रममधलं पाणी परातीत ओतून त्यात कागदाच्या होड्या सोडल्या. पप्पा आले. मला वाटलं, आता मार बसणार. ते काहीच बोलले नाहीत. होड्या एकेक करून बाहेर काढून ठेवल्या, परात उचलली आणि विहिरीजवळच्या झाडाला नेऊन ओतली. पुढच्या महिन्यात ते झाडही तोडलं. २०१६ मध्ये जालन्याच्या मोसंबीला जीआय मानांकन मिळालं. पेपरात बातमी आली, पप्पांनी ती मोठ्याने वाचून दाखवली. तेव्हा आमच्या शेतात मोसंबीचं एकही झाड नव्हतं.

त्या दुपारबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. ओट्यावर बसून पप्पा सहाशेला दहाने भागत होते, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, त्यांना ती परात अजून आठवत असणार.

मग आज्जीने माझी शिकवणी घेतली. भांडी आधी वापरलेल्या पाण्यात, शेवटचा हात चांगल्या पाण्याचा. नळाला तोंड लावून पाणी सोडायचं नाही, तांब्या घ्यायचा. भाजी धुतलेलं पाणी टाकायचं नाही. "अन् पाणी आधी मोजायचं, पाव्हणे मागून." हॉस्टेलला आल्यावर वाचलं, तर शिडाच्या बोटीवर असंच करतात! भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि गोड्या पाण्याने नुसती विसळायची. पुष्कळ बोटींवर नळ पायाने पंप मारून चालवायचा असतो, म्हणजे कुणाला चालू ठेवून जाताच येत नाही. मोठ्या यॉटवर समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असतं, आपल्या मेसमधल्या आरओचा थोरला भाऊ. पण त्याला वीज लागते, विजेला डिझेल, आणि डिझेलचे पैसे एपीएतून.

मी आमचा तक्ता फाडून नव्याने केला. तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी बंदरात थांबून टाकी भरायची. त्यावरून पुणेकरचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं, कारण तिचा मार्ग सगळा बदलला. शिवाय जुलै-ऑगस्टच्या गर्दीत तिकडच्या बंदरात बोट लावायला जागा मिळणं मुश्कील, ती खूप आधी राखून ठेवावी लागते. म्हणजे नेटवर्क डायग्राममध्ये ज्या कामाला उशीर झाला की सगळंच लांबतं, ते काम निघालं 'बंदरात जागा राखणे'. पार्टीचे कपडे नाही, फोटो नाही. पाणी!

प्रेझेंटेशनला सरांनी नेमका तोच प्रश्न काढला. "टाकी भरायचे थांबे चांगले घेतलेत. हे कुणाला सुचलं? कुठल्या साइटवरून घेतलं?"

मी म्हटलं, "सर, साइटवरून नाही. आमच्या गावाकडून."

"गाव कुठलं?"

वर्गात साठ जण होते. मागच्या बाकावर फर्स्ट इयरला हसलेल्यांपैकीही दोघी होत्या. मी म्हटलं, "तीर्थपुरी, सर. तालुका घनसावंगी. टँकरवालं जालना." कुणी हसलं नाही. निदान मला तरी ऐकू आलं नाही. वीसपैकी अठरा पडले. दोन कुठे गेले ते सरांनाच माहीत.

त्या रात्री टेरेसवर मालवणी म्हणाली, "अगो, आमच्याकडे बघ की. सिंधुदुर्ग किल्ला." १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी मालवणसमोर कुरटे बेटावर तो बांधायला घेतला. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, दूध बाव, दही बाव आणि साखर बाव. म्हणजे आज्जीचा नियम महाराजांना साडेतीनशे वर्षांपूर्वी माहीत होता.

तेव्हापासून आमचा दुसरा प्लॅन सुरू आहे. या वेळी मार्कांसाठी नाही. मुंबई ते मालवण समुद्रमार्गे साधारण १८० सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. शिडाची बोट ताशी पाच मैलांनी गेली तर न थांबता ३६ तास. नागपूरकर म्हणाली, "यॉट वगैरे आपल्या लोकांचं काम नाही." तिला सांगितलं, कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. आणि ती बोट बांधली होती गोव्यात! ती गप्प बसली, आणि नागपूरकर गप्प बसणं ही मोठी गोष्ट आहे.

रिस्क टेबलमध्ये मालवणीने पहिली ओळ लिहिली, 'पावसाळ्यात नाही.' त्याखाली एक तारीख, १७ जुलै १९४७. त्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीचं नाव वाचून मी दचकले. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्याच तालुक्यात आहे. इतकी वर्षं मला वाटायचं, आमच्या गावाकडचा आणि समुद्राचा काही संबंध नाही. सुट्टी मेअखेर ते जुलै, आणि तेव्हा समुद्र बंद. म्हणून आम्ही डिसेंबर धरलाय. यॉट परवडणार नाही हे चौघींना माहीत आहे. पहिल्या वर्षी एसटीने मालवण आणि धक्क्यावरून किल्ल्यापर्यंतची होडी. पुढचं नोकरी लागल्यावर.

गेल्या रविवारी घरी फोनवर हे सगळं सांगितलं. पप्पा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मी समुद्र पाहिला नाही अजून." एवढंच. मागून आज्जीचा आवाज आला, "मला पण न्या की." मी विचारलं, "आज्जी, टाकी सहाशेचीच आहे. बारा माणसं झाली तर माणशी रोज सातच लिटर येतं."

आज्जी म्हणाली, "सात पुरतंय."