पाण्यापासून जरा वर

भंडारदऱ्याला तंबू घेऊन जायचं तर मी जानेवारीतला मंगळवार-बुधवार धरतो. मे संपताना काजवे चमकू लागले की तिकडच्या रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते. लुकलुकून जोडीदाराला साद घालणाऱ्या त्या जिवांवर हेडलाइटचे झोत पडतात. त्या दिवसांत तिथं न जाणं, एवढं तरी मी काजव्यांसाठी करू शकतो.

इगतपुरीला सायकल उतरवून घोटीवरून आत वळलं की १६४६ मीटरचं कळसूबाई हळूहळू जवळ येत राहतं. घाटासाठी ओझं खाली असावं. पाणी, स्टोव्ह, तांदूळ पिशव्यांच्या तळाशी आणि दोन्ही बाजूंना सारखं. कॅरिअरवर उंच बोचकं बांधलं की चढावर सायकल डोलायला लागते.

शेंडीहून मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, मग साम्रद, घाटघर आणि पांजऱ्यावरून परत, असा तलावाला वळसा. दिवसभरात सहज होतो, पण मी मध्ये रतनवाडीला मुक्काम करतोच.

मुक्कामाचं खरं कसब जागा निवडण्यात आहे. १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण शेतीसाठी बांधलेलं; आवर्तन सुटलं की पाणी मागे सरतं आणि काठाला गाळाचा उघडा पट्टा राहतो. नेमका तोच सगळ्यांना खुणावतो: सपाट, मऊ, समोर पाणी. पण रात्री रतनगडाच्या उतारावरची थंड, जड हवा खाली घरंगळते आणि तलावाच्या खोलगट भागात साचते. तिथं पाण्याची वाफही असतेच. पहाटे तंबू आतून ठिबकतो. थोडं वर, मुरमाड जमिनीवर गेलं तरी केवढा फरक पडतो! दार उतारावरच्या वाऱ्याकडे करायचं नाही. वरची झडप मात्र कितीही गारठा असला तरी उघडी ठेवायची. आपल्या श्वासाचा दमटपणा बाहेर जायला हवा.

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. त्यामुळे जंगलात शिरायचं नाही, लाकूड तोडायचं नाही, जाळ करायचा नाही. गावातच विचारायचं.

"मामा, त्या खाचरात तंबू टाकू का?"

"तिथं नको रं, गारठा बसतो. खळ्यावर टाक. आन् भाकर खाशील ना?"

भात झोडून झालेलं खळं म्हणजे चोपलेली, सपाट, कोरडी जमीन. त्या माणसाला हवेचं सगळं गणित ठाऊक असतं. जेवायला नागलीची भाकरी आणि ठेचा. त्याचे पैसे मी न विचारता ठेवतो; पाहुणचार फुकट घ्यायचा नसतो.

सकाळी तंबू पुरता वाळल्याशिवाय घडी घालत नाही. साम्रदचा चढ मग उन्हात चढावा लागतो, पण ओलं कापड पिशवीत कोंबलं की जड होतं आणि पुढच्या मुक्कामापर्यंत कुबट. ऊन चालेल.