भाषण कारगिलला संपत नाही

नववीतल्या त्या मुलीने लिहून आणलेलं भाषण मी तपासायला घेतलं आणि पहिल्याच वाक्यात तीन ठिकाणी लाल पेन चाललं. 'भारताची पहिली महिला वैमानिक, शौर्यचक्र विजेती, कारगिलमध्ये एकटीने लढलेली गुंजन सक्सेना.' वाक्य म्हणायला झोकदार होतं. व्यासपीठावर हात वर करून म्हटलं असतं तर टाळ्याही पडल्या असत्या. पण त्यातलं एकही विशेषण खरं नव्हतं.

ही गोष्ट 2023 च्या फेब्रुवारीतली. मी पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. माहेर डिचोलीचं. मोपाचा विमानतळ जानेवारीत सुरू झाला होता आणि आमच्या वर्गाचं लक्ष फळ्यापेक्षा आभाळात जास्त होतं. ज्या सड्यावर कालपरवापर्यंत गुरं चरत होती, काजू वेचले जात होते, तिथे आता एअरबस उतरत होती. मुलगे विमानांची नावं पाठ करत होते. मुलींपैकी बऱ्याचजणी विमानतळावर नोकरी म्हणजे काउंटरवर हसत उभं राहणं, असंच धरून चालल्या होत्या. ही एकटी वेगळी. तिने मोबाइलवर गुंजन सक्सेनावरचा सिनेमा पाहिला होता आणि महिला दिनाच्या वक्तृत्व स्पर्धेला तोच विषय हवा म्हणून हटून बसली होती. शिगमोच्या गडबडीमुळे स्पर्धा मार्चअखेरीस ठेवली होती, त्यामुळे वेळ पुष्कळ होता.

आधी पहिलेपण काढलं. सरला ठकराल यांनी 1936 मध्ये विमान चालवण्याचा परवाना मिळवला होता. हवाई दलाचंच बोलायचं तर हरिता कौर देओल यांनी 1994 मध्ये ॲव्रो विमान एकटीने उडवलं आणि दोनच वर्षांनी, वयाच्या पंचविशीत, ॲव्रोच्याच अपघातात त्या गेल्या. मग शौर्यचक्र काढलं. ते गुंजन सक्सेना यांना कधी मिळालंच नव्हतं. उत्तर प्रदेशातल्या एका नागरी संस्थेने दिलेल्या सन्मानाच्या नावात 'शौर्य' होतं, त्यावरून इंटरनेटवर चक्र तयार झालं. हे त्यांनी स्वतःच स्पष्ट केलं आहे, तरी चक्र काही जात नाही.

राहिलं 'एकटीने'. तेही खरं नव्हतं. उधमपूरला 1996 मध्ये दोघी एकत्र रुजू झाल्या होत्या, गुंजन सक्सेना आणि केरळच्या श्रीविद्या राजन. सिनेमा 2020 मध्ये आला तेव्हा हवाई दलाने त्यातल्या चित्रणाला लेखी हरकत घेतली, आणि श्रीविद्या राजन यांनीही लिहिलं की कारगिलच्या मोहिमेवर आपणही होतो, किंबहुना आधी आपल्यालाच पाठवलं गेलं. काही अधिकाऱ्यांच्या मनात अढी होती, पण साथ देणारे जास्त होते, हेही त्यांनी सांगितलं. कपडे बदलायला वेगळी खोली नव्हती, ही अडचण खरी. पण सिनेमात दाखवलेली पंजा लढवण्याची परीक्षा वगैरे काही घडलं नव्हतं.

मुलीचा चेहरा उतरला. तिला पंजा लढवण्याचा प्रसंग फार आवडला होता.

"मग टीचर, भाषणात उरलं काय?" तिने विचारलं.

उरलं होतं ते जास्त चांगलं होतं असं मला वाटतं, पण ते पटवायला मला विज्ञानाच्या शिक्षकांना मधे घ्यावं लागलं. त्या दोघी उडवत होत्या ते चीता हेलिकॉप्टर. फ्रेंच 'लामा'चा परवाना घेऊन बंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेलं. इंजिन एकच, हत्यार काही नाही. याच लामाने 1972 मध्ये 12,442 मीटर उंची गाठून जागतिक विक्रम केला होता, आणि त्या उंचीवर इंजिन बंद पडल्यावर वैमानिक ज्याँ बुले नुसत्या फिरत्या पात्यांच्या आधारावर खाली उतरले होते. विज्ञानाच्या सरांना हा भाग फार आवडला. इंजिन बंद पडलं तरी खालून येणारी हवा पाती फिरवत ठेवते आणि हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही, हे त्यांनी फळ्यावर बाण काढून काढून समजावलं. डाव्या हाताच्या दांड्याने एकदम वर किंवा खाली, उजव्या हाताने पुढे-मागे-बाजूला, आणि पायांनी शेपूट सांभाळायची. दोन हात नि दोन पाय, चारही कामात गुंतलेले, आणि त्याच वेळी डोळ्यांनी खालच्या डोंगरात लपलेले बंकर शोधायचे.

उंचीवर हवा विरळ होते. पात्यांना पकड कमी मिळते, इंजिनालाही दम लागतो. म्हणून जितकं वर जायचं तितकं ओझं कमी घ्यायचं. बोंडूंनी भरलेली पाटी डोक्यावर घेऊन सडा चढणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. चढण किती, यावरून ती पाटी किती भरायची ते ठरवते. द्रास आणि बटालिकच्या बाजूला रसद पोचवायची, जखमी जवान उचलून आणायचे, शत्रूच्या जागा टिपून कळवायच्या, हे काम तिथे चाललं होतं. हवाई दलाची मोहीम 26 मे 1999 ला सुरू झाली आणि 28 मे रोजी तोलोलिंगजवळ एमआय-17 हेलिकॉप्टर क्षेपणास्त्राने पाडलं गेलं. आतले चौघेही गेले. ते हेलिकॉप्टर मोठं होतं, त्यावर रॉकेटं होती. चीताजवळ तेही नव्हतं. गुंजन सक्सेना तेव्हा चोविशीच्या आसपास होत्या.

मुलगी हे सगळं वहीत उतरवत होती. मधेच तिने विचारलं, जगात याआधी कुणी बाई युद्धात हेलिकॉप्टर घेऊन गेली होती का? मला ठाऊक होतं ते मी सांगितलं. व्हालेरी आंद्रे, फ्रेंच सैन्यातली शल्यचिकित्सक. इंडोचायनाच्या युद्धात ती हिलर नावाचं चिमुकलं हेलिकॉप्टर स्वतः उडवत जंगलात उतरायची, जखमींना दोन्ही बाजूंच्या स्ट्रेचरवर बांधायची आणि परत यायची. 129 फेऱ्यांत तिने 165 जखमी आणले. पुढे 1976 मध्ये ती फ्रान्सची पहिली महिला जनरल झाली. तिचा एक गुण मात्र कुठल्याच भाषणात सहसा येत नाही: ती वजनाने हलकी होती. ओझं मोजून नेणाऱ्या यंत्रात हलका वैमानिक म्हणजे फायदाच. बायकांचं शरीर या कामाचं नव्हे, असं जगभरच्या सैन्यांनी इतकी वर्षं कशाच्या आधारावर म्हटलं असेल, असा प्रश्न मला पडतो.

मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले. सत्तरीतल्या डोंगरांवर दिवसरात्र धूर होता. त्यातल्या एका रविवारी मी मुलीला साखळीला एका निवृत्त मास्तरांकडे घेऊन गेले होते. उच्चार आणि थांबे शिकवण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नाही. येताना स्कूटरने केरीला मावशीकडे गेलो. अंगणातून घाटाकडचा पांढरट धूर दिसत होता आणि लांबवर हेलिकॉप्टर, खाली लोंबणारी पाण्याची बादली घेऊन. विझवायला नौदल आणि हवाई दल, दोघांचीही हेलिकॉप्टरं आली होती. मावशी पदर डोळ्यांवर धरून बघत होती. मुलीने विचारलं, "टीचर, भितर बायलमनीस आसतली काय?"

मी घरी येऊन शोधलं. उत्तर मिळालं ते असं. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरात असू शकेल; एमआय-17 वर मुली होत्याच. पण नौदलाच्या हेलिकॉप्टरात? चालवणारी नसणार, याची खात्री होती. दाबोळीला 1964 पासून नौदलाचा हवाई तळ, आयएनएस हंसा, आहे, गोव्यातली पोरं नौदलाची हेलिकॉप्टरं बघत मोठी होतात; तरी 2023 च्या मार्चमध्ये नौदलात हेलिकॉप्टर चालवणारी एकही बाई नव्हती. मागे बसून रडार आणि सेन्सर सांभाळणाऱ्या होत्या. कुमुदिनी त्यागी आणि रिती सिंग या दोघींनी 2020 मध्ये ती वाट उघडली होती. लष्कराच्या हवाई शाखेत अभिलाषा बराक यांना नाशिकमध्ये पंख मिळाले ते मे 2022 मध्ये.

म्हणजे हवाई दलात दोघी तरुणी युद्धाच्या धुमश्चक्रीत हेलिकॉप्टर उडवून आल्या, आणि शेजारच्या दोन सैन्यदलांपैकी लष्कराला त्यानंतर वीसहून अधिक वर्षं लागली, नौदलात तर तेव्हाही कुणी नव्हती. हे मुलीला सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने तो प्रश्न विचारला, जो आमच्या सगळ्या तालमीत कुणालाच सुचला नव्हता.

"मग गुंजन सक्सेना आता काय चालवते?"

काहीच नाही. 2004 मध्ये त्यांची सेवा संपली. अल्प मुदतीच्या कमिशनवर घेतलेल्या बायकांना तेव्हा कायम कमिशन नव्हतं. कारगिलनंतर पाच वर्षांनी, तिशी गाठायच्या आधी, युद्धाचा अनुभव असलेली वैमानिक घरी बसली. हवाई दलातल्या बायकांना कायम कमिशन द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं. लष्कर आणि नौदलातल्या बायकांसाठी सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आले 2020 च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये.

मी म्हटलं, हे भाषणात घाल. स्टाफरूममध्ये मतं पडली. भाषण कारगिलच्या शिखरावर संपायला हवं, श्रोत्यांना घरी बसलेली नायिका नको असते, असा एकूण सूर. मला तो सूर खोटा वाटला. आपण बायकांची चरित्रं नेमकी तिथे थांबवतो जिथे टाळ्या पडतात, आणि मग पुढच्या पोरीला वाटतं की दार एकदा उघडलं की उघडंच राहतं. मुलगी 2004 पर्यंत बोलली. नंबर आला नाही. परीक्षकांपैकी एकांनी उतरून तिच्या पाठीवर थाप मारली, एवढंच.

पण विषय तिच्या डोक्यातून गेला नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये दीपिका मिश्रा या हेलिकॉप्टर वैमानिक अधिकाऱ्याला वायुसेना पदक मिळालं, शौर्यासाठी असं पदक मिळवणारी हवाई दलातली पहिली स्त्री. मध्य प्रदेशातल्या पुरात तिने लोकांना वाचवलं होतं. ही बातमी मला मुलीनेच सांगितली. आणि 7 जून 2024 ला अरक्कोणमच्या आयएनएस राजालीवर अनामिका राजीव नौदलाची पहिली हेलिकॉप्टर वैमानिक झाली, तेव्हा रात्री साडेदहाला मला तिचा मेसेज: 'टीचर, जाली!'

तोवर ती अकरावीत विज्ञान शाखेला गेली होती. उड्डाण शाखेसाठी किमान उंची 162.5 सेंटिमीटर लागते, पायांची लांबीही मोजतात, हे तिने शोधून काढलं होतं. घरच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा वाढत होत्या. बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात आम्ही सहल नेली तेव्हा ती जुन्या हेलिकॉप्टरपाशी उभी राहून आपला खांदा कुठवर येतो ते बघत होती. बाकीची मुलं सुपर कॉन्स्टेलेशन विमानाच्या शेपटीखाली फोटो काढण्यात गुंग.

तिचे बाबा कदंब बसचे ड्रायव्हर. ते भेटायला आले तेव्हा मला वाटलं, जिवाची भीती काढतील. मी मनात उत्तर जुळवत होते, कारण गोव्याच्याच समुद्रात मार्च 2015 मध्ये नौदलाचं डॉर्नियर पडून लेफ्टनंट किरण शेखावत गेल्या होत्या. कर्तव्यावर मरण आलेली नौदलातली पहिली महिला अधिकारी. तेव्हाच्या बातम्या त्यांनाही आठवत होत्या. पण त्यांनी वेगळंच विचारलं. अल्प मुदतीची नोकरी चौदा वर्षांची, पेन्शन नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"चौदा वर्सांनी मागीर कितें, टीचर?"

लेकीने विचारलेला प्रश्नच बापाने उलट्या टोकाने विचारला. यावेळी माझ्याजवळ उत्तर होतं. बारावीनंतर एनडीएमधून गेली तर सुरुवातीपासूनच कायम कमिशन. मुलींना ही परीक्षा देता येते ती 2021 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे. पहिली तुकडी 2022 मध्ये खडकवासल्याला गेली आणि 30 मे 2025 ला त्यातल्या 17 जणी बाहेर पडल्या. मात्र जागा किती, तेही मी लपवलं नाही. त्या पहिल्या तुकडीत मुलींसाठी एकूण 19. त्यातल्या हवाई दलाच्या उड्डाण शाखेत 92 पैकी 2.

"दोनच?" ते म्हणाले. मग थोडं थांबून, "दोन म्हणजे आसात तरी."

फॉर्म भरला तो माझ्याच टेबलावर. पसंतीक्रमावरून बापलेकीचं वाजलं. त्यांचं म्हणणं नौदल पहिलं लिही, दाबोळी जवळ पडेल, चतुर्थीला घरी येशील. तिचं म्हणणं, पोस्टिंग काय मागून मिळतं? तिने हवाई दल पहिलं लिहिलं, नौदल दुसरं. बाबांनी काही न बोलता फीचे पैसे द्यायला पाकीट काढलं. तेव्हा स्क्रीनवर वाचून कळलं की मुलींना फी नाहीच. त्यांनी पाकीट परत खिशात घातलं आणि म्हणाले, चला, चहा तरी माझ्याकडून.