माथेरानचा मोती

माथेरानला मोटार जात नाही, ही त्या गावाची मोठीच मिजास आहे, आणि ती त्याला शोभते. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब हा डोंगर चढून आले. १९०७ मध्ये नेरळहून छोटी आगगाडी आली. पण दस्तुरीच्या नाक्यापुढे पाहुण्याची मोटार आजही सरकत नाही. २०२२ च्या डिसेंबरात विजेवरच्या थोड्या रिक्षा फिरू लागल्या. बाकी सारे तेच : तांबडी माती, जांभळीची दाट सावली, हातातला खाऊ पळवणारी माकडे आणि घोडे.

गेल्या वर्षी दत्तजयंती होऊन आठवडा झाला होता, तेव्हा मी तिथे गेले. बरोबर थोरला भाऊ होता. दादा पशुवैद्य. आता नोकरीतून मोकळा झाला आहे, पण जनावर दिसले की त्याचे पाय थबकतातच. मी पॅनोरमा पॉइंटचा सूर्योदय पाहायला आले होते. दादा घोड्यांचे दात पाहायला आला असावा.

बाजारपेठेच्या अलीकडे एका घोडेवाल्या मामांनी आम्हांला गाठले. त्यांचा मोती कुमाईत रंगाचा, कपाळावर चांद असलेला, अत्यंत सभ्य चेहऱ्याचा घोडा. डोळ्यांवर मात्र खोल खळगे पडलेले. "पंधरा वर्षांचा आहे, बाई," मामा म्हणाले. दादाने मोतीचा ओठ उचलला. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर एक रेघ असते. दहाव्या वर्षाच्या सुमारास ती हिरडीपाशी दिसू लागते, विसाव्याच्या आसपास खालच्या टोकापर्यंत पोचते आणि मग हिरडीकडून पुसत येते. काही ती पंचांगासारखी अचूक नसते. पण मोतीची रेघ वरून चांगलीच पुसली होती.

"मामा, विशी उलटली की हो याची!"

"असेल, डॉक्टरसाहेब," मामा हसून म्हणाले, "माणसं तरी कुठं खरं वय सांगतात?"

इथवर सारे हसण्यावारी चालले होते. पण मामा नुकतेच सारंगखेड्याच्या यात्रेला जाऊन आले होते आणि तिथून त्यांनी चार वर्षांचे एक तट्टू घेतले होते. ते त्याच संध्याकाळी वर येणार होते. मामांच्या तबेल्यात जागा दोनच. म्हणजे ते मोतीच्या शेजारीच बांधले जायचे. हे ऐकले आणि दादाचा चेहरा बदलला.

शार्लट तलावाच्या वाटेने चालताना त्याने मला जे सांगितले, ते मी माझ्या भाषेत सांगते. शिंगराच्या छातीत एक ग्रंथी असते. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतली एक मोठी फौज तिथे तयार होते. घोडा वयात आला की ही ग्रंथी आक्रसू लागते आणि म्हातारपणी तिचे नावच उरते. आपल्या पोटातही, म्हणजे छातीतही, ती असते. मराठीत तिला 'यौवनलोपी' ग्रंथी म्हणतात. वर्गात मी इतक्या शब्दांची फोड केली, पण इतके खरे आणि इतके उदास नाव मला क्वचितच भेटले असेल.

म्हणजे म्हाताऱ्या घोड्याच्या पदरी जुने शिलेदार असतात, पण नवी भरती जवळजवळ बंद. पूर्वी भेटलेल्या रोगाला ते ओळखतात. कधीच न भेटलेला रोग आला, की गडबडतात. लसीचेही तसेच. अमेरिकेत केंटकी विद्यापीठात म्हाताऱ्या घोड्यांना इन्फ्लुएन्झाची लस टोचून पाहिली, तेव्हा त्यांच्या रक्तात तरुण घोड्यांपेक्षा कमी प्रतिद्रव्ये तयार झाली. म्हणून लस टाळायची, असे नव्हे. उलट ती वेळच्या वेळी द्यायची. धनुर्वाताची तर हमखास, कारण त्याचे जंतू मातीत आणि लिदीत असतात, आणि घोड्याला हा रोग फार लवकर धरतो. नालेचा खिळा चुकीचा बसला तरी पुरते.

आणखी एक गंमत, खरे तर गंमत नव्हे. म्हातारपणी ही फौज दुबळी होते, पण शांत बसत नाही. शत्रू नसतानाही अंगात बारीक दाह चालूच राहतो, राखेखाली निखारा धुमसावा तसा. लठ्ठ घोड्यांत तो अधिक; वजन उतरवले की कमी होतो. माथेरानच्या घोड्याला लठ्ठ होण्याची चैन परवडत नाही, हा त्याला मिळालेला एकुलता एक फायदा!

"पण ते तट्टू तर धडधाकट आहे म्हणतात," मी विचारले.

"तेच तर," दादा म्हणाला. "घशाखाली गाठी पिकवणारा रोग बरा झालेलं जनावरही अंगातून वागवतं. दिसतं अगदी टवटवीत. यात्रेत कुठकुठले घोडे नाकाला नाक लावून उभे असतात, कोण सांगणार?"

मग त्याने २००८ सालची हकीकत सांगितली. जम्मूकडे कटऱ्याच्या यात्रेतल्या तट्टांत इन्फ्लुएन्झा सुरू झाला आणि पाहता पाहता अनेक राज्यांत पसरला. आपल्याकडे त्याआधीची मोठी साथ १९८७ ची. मधल्या काळात जन्मलेल्या बहुतेक जनावरांना तो विषाणू ठाऊकच नव्हता.

परतताना मामा वाटेतच उभे होते. दादाने सरळ सांगितले : नवे तट्टू तीन आठवडे वेगळे बांधा, बादली, तोबरा, खरारा सारे निराळे, मोतीचे दात कानसून घ्या, म्हणजे चंदी अंगी लागेल, जंताचे औषध द्या. आणि त्याच्यावर आता लहान मुलेच बसवा, तीही सपाट वाटेवर.

"तीन आठवडे?" मामा बोटे मोजू लागले. "नाताळ गेला मग. एकतीस तारीखही गेली."

आमच्यासारख्या पगारी माणसांना या मोजणीचा अर्थ चटकन कळत नाही. त्या दहा दिवसांत मामांचे पावसाळ्याचे कर्ज फिटते. जवान तट्टू खुंटाला बांधून चंदी घालायची आणि कमाई सोडायची म्हाताऱ्या मोतीने! मी दादाकडे पाहिले; त्याने एकही आठवडा कमी केला नाही.

मामा बराच वेळ मोतीच्या मानेवरून हात फिरवीत राहिले. "यानं माझ्या दोन पोरींची लग्नं केली," ते एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेरळला उतरलो. स्टेशनाजवळ मामांच्या मेव्हण्याच्या अंगणात एक पांढरे तट्टू एकटेच बांधलेले होते, आणि शेजारी कोरी बादली. दादाने गाडी सुटायला किती वेळ आहे ते विचारले आणि तो दात पाहायला कुंपणाशी गेला.